मधलं अंतर

"हा पण नाय चालत." सहादू गायधनींनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

दुकानात गिऱ्हाइकं होती. एक बाई मुलीसाठी फ्रेम निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. स्नेहलच्या ते लक्षात आलं.

नाशिक रोडला चष्म्याचं दुकान टाकून स्नेहलला फार वर्षं झाली नव्हती. डोळे ती स्वतः तपासायची, आणि तिने काढलेला नंबर चुकला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. हे गायधनी काका मात्र पुन्हा पुन्हा येत होते. नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं हळू. भांडायचे नाहीत. चष्मा ठेवायचे आणि म्हणायचे, "नाय दिसत." तिने एकदा नंबर नव्याने काढला होता. नंतर काचाही बदलून दिल्या होत्या.

"बसा काका," ती म्हणाली. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. तिने वर्तमानपत्र हातात दिलं. त्यातली बारीक टायपातली जाहिरातही त्यांनी वाचून दाखवली.

"सगळं तर दिसतंय," शेखर म्हणाला. शेखर तिचा चुलतभाऊ, दुकानात तिच्या जोडीला असायचा. मग त्याने आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही. "ताई, यांना चष्मा नकोय. यांना बोलायला कोणीतरी हवंय."

काकांनी ते ऐकलं. ते उठले. "नंबर बरोबर असंल तुमचा. माझ्याच डोळ्यांत काहीतरी बिघाड असंल. राहू द्या."

चष्मा खिशात घालून ते दाराकडे निघाले. खरं तर प्रश्न तिथेच मिटत होता. शेखरने सुटकेचा श्वास सोडला. क्षणभर स्नेहललाही बरं वाटलं, कारण तिच्या कामात खोट नव्हती. पण या उन्हात हा माणूस उगाच एवढ्या चकरा मारेल? इतक्या वेळा ते आले आणि आपण दरवेळी तक्ता दाखवून एकच विचारलं, दिसतंय का. तक्त्यावरचं त्यांना दिसत होतं, म्हणून ते हो म्हणत होते.

ती काउंटरच्या बाहेर आली. "काका, थांबा. एक विचारायचं राहिलंच माझ्याकडून. तुम्हाला नक्की काय बघायचंय?"

काका दारातच थांबले.

"आमच्या मंडळींचं तोंड," ते म्हणाले.

शेखरला हसू आलं, पण काकांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

"घशाचं ऑपरेशन झालं तिचं. आवाज गेला. आता नुसते ओठ हलवून बोलती. लिहायला येत नाय तिला, शाळेत गेलीच नव्हती. ती पलंगावर असती, मी शेजारी खुर्चीवर. वरच्या काचेतून बघितलं तरी पुसट, खालच्या काचेतून बघितलं तरी पुसट. रस्त्यावरची पाटी दिसती, पेपर दिसतो. ती तेवढी दिसत नाय."

"मग हे आधी का नाही बोललात?" शेखरने विचारलं.

"तुम्ही तक्ता वाचायला सांगितला, मी वाचला."

स्नेहलने मान हलवली. "चूक माझी आहे काका. तुमची वरची काच लांबचं दाखवते, खालची हातातलं. काकू दोन्हींच्या मध्ये बसतात. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा लागतो, आणि तो मी करून देणार." तिने काचांची पेटी उचलली. "शेखर, दुकान सांभाळ. मी यांच्याबरोबर घरी जाऊन येते."

"आत्ता? गिऱ्हाइकं बसलीत!"

"त्यांना जे आहे ते सांग."

सांगायची गरज पडली नाही. फ्रेम निवडणाऱ्या बाई म्हणाल्या, "जाऊन या तुम्ही. आम्ही बसतो."

जेलरोडला काकांच्या घरी लंकाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याला मऊ सुती रुमाल. पाहुणी बघून त्यांनी हात जोडले. काकांनी आधी चहा टाकला, दोघींना कप दिले, मगच ते आपल्या रोजच्या खुर्चीत बसले. स्नेहलने त्यांच्या डोळ्यांवर नंबर तपासायची जड गोल फ्रेम चढवली आणि तिच्यात एकेक काच घालून बघायला सुरुवात केली.

"आता?"

"नाय."

"आणि ही?"

काका बायकोकडे बघत राहिले. डोळ्यांवरचं ते यंत्र बघून लंकाबाईंना हसू फुटलं होतं, आणि हसताना त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी चहाचा घोट घेतला, नवऱ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले.

काका पुढे झुकले. "परत बोल."

त्या परत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

काका जे हसत सुटले ते थांबेनातच. फ्रेमखालून पाणी गालावर आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"काय म्हणाल्या काकू?" स्नेहलने विचारलं.

"चहात साखर लय घालता, म्हणती," काका म्हणाले. "ऑपरेशन झाल्यापासून रोज कप हातात घेतला की ती हेच म्हणायची. आन मला वाटायचं, चहा चांगला झालाय म्हणती."