पाचवा जेट

कार्बोरेटरच्या पितळी जेटचं भोक बरोबर एक पूर्णांक एक दशांश मिलिमीटर होतं. तिने ते दोनदा मोजलं आणि जेट नव्या पुडीत घालून बाबांपुढे ठेवला. बाबांची जुनी मोटरसायकल आठ महिने गॅरेजमध्ये उघडी पडली होती, ती या एवढ्याशा जेटपायी. इंजिनाला पेट्रोल याच भोकातून जायचं, आणि आणलेल्या प्रत्येक जेटमध्ये बाबा काहीतरी खोट काढायचे. चार जेट परत गेले होते. "ताई, बाबा जेट बघतायत की जावई?" असं दुकानदारही आता तोंडावर विचारू लागला होता.

बाबांनी जेट उजेडात धरला आणि एक डोळा मिटला. "लहान आहे. पेट्रोल कमी पडेल."

तिचं डोकंच फिरलं. "बाबा, सगळ्यात पहिला जेट तुम्ही मोठा म्हणून परत पाठवलात ना? तो हाच. दुकानातून तोच पुन्हा आणलाय, फक्त पुडी बदलली. आता खरं सांगा, गाडी सुरू करायचीये की नाही?"

बाबा बराच वेळ फडक्याने स्वच्छच असलेले हात पुसत राहिले.

"सुरू झाली की तू म्हणणार, बाबा, मारा किक," ते म्हणाले. "हा गुडघा आता किक मारू देत नाही गं."

बाबांनी जेट तिच्या तळहातावर ठेवला.

"बसव हाच. गाडी तू चालव. मी मागे बसेन."