गुरुवारांचा भाव

"पितळेच्या भावाने घेईन," भंगारवाला म्हणाला आणि काट्याचा हूक सॅक्सोफोनच्या गळ्यात अडकवायला पुढे झाला.

तिने त्याच्या हातावर फटकाच मारला. "अहो, वाद्य आहे ते! जुना बंब नव्हे."

"असेल हो ताई. पण माझ्या काट्याला काय ऐकू येतंय?"

तिने त्याला दाराबाहेर काढलं आणि उरलेला राग खिडकीशी बसलेल्या नवऱ्याकडे वळवला. ह्या माणसाला बोलावणारा तोच होता.

"देऊन टाकायचं होतंस," रस्त्याकडे बघत नवरा म्हणाला. "दुकानाबिकानाच्या फंदात पडू नकोस. वापरलेल्या वस्तूला कोण विचारतंय?"

"मी नाही मातीमोल देणार. तुमची एकोणीस वर्षं आहेत त्यात. आणि माझीही."

'माझीही' तिने उगाच म्हटलं नव्हतं. एकोणीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी हा माणूस काळी बॅग उचलून ऑर्केस्ट्राच्या तालमीला जायचा. पाऊस असो, ताप असो, मुलीची परीक्षा असो. ती घरात मशीनवर बसून लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवायची. तोच तिचा धंदा. तो दहाला परतायचा, "तिथेच खाणं झालं" म्हणायचा आणि शीळ घालत झोपायला जायचा. घरात कधी वाजवलं नाही, शेजारी ओरडतील म्हणून. कार्यक्रमाला येते म्हटलं, तर "लांब असतो, कंटाळशील." तिने पुष्कळदा भांड्यांची आदळआपट केली, पण आड कधी आली नाही. माणसाला एखादा नाद असावा, असं तिचं मत होतं.

मग दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी तो सातलाच घरी आला. बॅग कपाटावर टाकली. "संपलं. आता दम पुरत नाही," एवढंच म्हणाला. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. तिला वाईट वाटलं. आणि संतापही आला: एवढ्या वर्षांत त्या ऑर्केस्ट्रातला एक माणूस साध्या चौकशीला फिरकला नाही. कसली मेली माणसं!

आता निदान भाव तरी नीट यायला हवा होता. पैशांची तशी नड नव्हती. पण त्या सगळ्या गुरुवारांची किंमत किलोवर ठरावी, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

तिने जाहिरात दिली, तर फोन करणाऱ्यांनी तिचा अंत पाहिला. एकजण म्हणाला, पडून राहिलेलं वाद्य बिघडतं, तेव्हा निम्म्यात द्या. एकाने तासभर डोकं खाल्लं आणि शेवटी कळलं की त्याला हवी होती बासरी. धाकट्या दिराने तर सॅक्सोफोन फुकटच मागितला. त्याला त्याचा दिवा करून कोपऱ्यात ठेवायचा होता.

"तुमच्या डोक्यातच लावून घ्या तो दिवा," असं सांगून तिने फोन आपटला.

दुपारी नवऱ्याचा डोळा लागल्यावर तिने वाद्य मऊ फडक्याने पुसलं. कसं लखलखत होतं! ह्यांनी जिवापाड जपलंय, असं मनात येऊन तिचे डोळे भरले. कळांखालचे बुचाचे दोन तुकडे सैल झाले होते, ते तिने हेअरपिनने दाबून पुन्हा नीट बसवले. मोडकी वस्तू कुणाच्या गळ्यात मारणं तिला जमलं नसतं. बॅग उचलून ती थेट वाद्यांच्या दुकानात गेली.

दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता. त्याने बॅगेला हातही लावला नाही.

"किती वर्षांचा?"

"एकोणीस."

"पडून होता?"

"पडून? दर गुरुवारी तीन-तीन तास वाजलाय! आत्ता दोन महिन्यांपूर्वीपर्यंत."

"म्हणजे झिजला. आठ हजार."

तिचा पारा चढला. "पडून राहिलं तर बिघडलं, वाजवलं तर झिजलं! मग वाद्याचं करायचं तरी काय माणसाने? लोणचं घालायचं?"

"बाई, बाजारभाव आहे."

"बाजार मलाही कळतो. रोज कापडाच्या मीटरवर भांडते मी. वीस हजार. एक पैसा कमी नाही. आधी उघडून बघा, मग बोला."

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि चष्मा नाकावर ओढून बॅग उघडली. माउथपीस उजेडात धरून दातांच्या खुणा शोधल्या. पुन्हा एकदा शोधल्या. कळांवरून बोटं फिरवली. मग तो नखाने बुचाचे तुकडे एकेक करून उपसायला आणि काउंटरच्या काचेवर मांडायला लागला.

"अहो, मोडताय काय! आत्ताच नीट बसवून आणलेत मी."

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला आणि मग मोठ्याने हसला. "तीस वर्षं दुकान चालवतोय मी. जुनी वस्तू नवी म्हणून खपवणारे रोज येतात. नवी वस्तू जुनी म्हणून विकणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"म्हणजे?"

"ही बुचं कारखान्यात लावतात, प्रवासात कळा हलू नयेत म्हणून. ही काढल्याशिवाय ह्यातून सूर निघणं शक्यच नाही." त्याने शेवटचा तुकडा काढून रांगेत ठेवला. "हा सॅक्सोफोन आजवर एकदाही वाजलेला नाही, बाई. चाळीस हजार देतो. आता तरी झालं ना तुमच्या मनासारखं?"