टाकीतला घुमारा

“आज नको, पोरी. टाकीत विंचू झालेत,” पहारेकरी काका म्हणाले आणि चावी मुठीत घट्ट धरून उभे राहिले.

धाकटीने खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली. “मी कुठे आत उतरतेय? स्पीकर आणि माईक दोरीने सोडणार. अर्ध्या तासाचं काम आहे, काका. मालकांची चिठ्ठीसुद्धा आणलीय.”

काकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. वाचली मात्र नाही.

गाद्यांचा तो कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली होती. कधी आग लागली तर पाणी हाताशी असावं म्हणून अंगणाखाली भली मोठी टाकी बांधली होती. आता ती कोरडी ठणठणीत होती.

टाकीचा शोध ताईचा. दोघी बहिणी हातात मावणाऱ्या जुन्या गेमच्या यंत्रावर संगीत रचायच्या. त्या यंत्रात आवाज चारच, आणि तेही रुक्ष. त्यांना ना भिंत, ना छत. बाकीचे लोक तोच सूर पुन्हा बारीक आवाजात वाजवून तो घुमल्याचा भास करत. ताईला ती लबाडी वाटायची. “खोटी खोली कशाला? खरी शोधू की,” म्हणत तिने स्पीकर घेऊन जिने, भुयारं, गोदामं पालथी घातली आणि शेवटी इथे येऊन पोचली. या टाकीत एक साधी टिकटिक वाजवली तरी साडेसहा सेकंद घुमत राहायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा ताई रडली होती, आणि काकांनी तिला चहा पाजला होता.

आठ महिन्यांपूर्वी ताई गेली. दोघी धरणाच्या भिंतीवर आवाज टिपायला गेल्या होत्या. ताईचा पाय घसरला. चार दिवस शोध चालला, हाती काहीच लागलं नाही.

गेम बनवणाऱ्या कंपनीने नव्या गेमच्या संगीतासाठी खरं तर एकट्या ताईलाच बोलावलं होतं. तिचं अर्धवट राहिलेलं काम धाकटीने अंगावर घेतलं, तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. घरही तिनेच सावरलं. आईने तर अंथरूणच धरलं होतं. तिचं खाणंपिणं, औषधं, सगळं धाकटी स्वतःच्या हाताने करायची. शेजारणी आल्या तरी त्यांना फार वेळ बसू द्यायची नाही. “आईला त्रास होतो,” म्हणायची. अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं, असं सगळे म्हणत.

आता गेमचा शेवटचा टप्पा तेवढा उरला होता. तो एका गुहेत घडत होता आणि कंपनीला तिथे ताईचाच घुमारा हवा होता.

“ताई गेल्यावर कुणी उघडली होती का टाकी?” धाकटीने विचारलं.

“छे! कोण उघडतंय? आठ महिने कुलूप आहे.”

कुलूप मात्र एका झटक्यात उघडलं. काकांनी झाकण सरकवलं आणि उगाचच मोठ्यांदा म्हणाले, “धाकटी आलीय बरं का! स्पीकर सोडतेय खाली!”

काकांना कमी ऐकू यायला लागलं असावं, असं तिला वाटलं. तिने स्पीकर सोडला, त्यापाठोपाठ माईक सोडला, कानावर हेडफोन चढवले आणि यंत्राचं बटण दाबलं.

फट्.

एक. दो... संपलं.

तिने तारा तपासल्या. सेल बदलले. पुन्हा बटण दाबलं. दोन सेकंदही पुरते झाले नाहीत.

“काका, आत काय आहे?”

“काय असणार? काही नाही.”

“घुमारा कुणीतरी गिळतंय. आत मऊ काहीतरी आहे. कापड, कापूस, नाहीतर...”

“हां, गाद्या! उरलेल्या गाद्या टाकल्यात मी.”

“आत्ताच म्हणालात, आठ महिने कुलूप आहे.”

काकांनी चावी पुन्हा मुठीत घट्ट धरली. सकाळच्या गार हवेतही त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता.

धाकटीने बटणाला हात लावला नाही. माईक चालूच होता. ती नुसती ऐकत राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग कुणीतरी तोंडावर हात दाबून खोकलं.

ताईबरोबर एकाच खोलीत ती लहानाची मोठी झाली होती. तो खोकला तिने हजारांत ओळखला असता. तिने हेडफोन काढले आणि झाकणाच्या कडेला धरून खालच्या अंधारात पाहिलं.

“उतरू नकोस,” काका म्हणाले. त्यांनी खरोखरच हात जोडले होते. “तुझ्या पाया पडतो, पोरी.”

“बाजूला व्हा, काका. माझी बहीण आहे ती.”

तिने मोबाईलचा दिवा लावला आणि लोखंडी शिडीने खाली उतरली. चारी भिंतींना माणसाच्या उंचीएवढ्या गाद्या उभ्या लावल्या होत्या. मधोमध एक सतरंजी, पाण्याची बाटली, औषधाच्या गोळ्या. पलीकडच्या कोपऱ्यात ताई बसली होती. हाडांचा नुसता सापळा, एक पाय गुडघ्याखाली वाकडाच जुळलेला.

“ताई!” धाकटीने हाक मारली. आवाज गाद्यांत विरून गेला.

ताई उठली नाही. भिंतीला पाठ लावून ती जमेल तितकी मागे सरकली आणि तिने दोन्ही हात पुढे धरले.

“आईला काही करू नकोस गं,” ती म्हणाली. “ती तुझ्या ताब्यात आहे, म्हणून तर काठाला लागल्यावर काकांना बोलावलं आणि इथे पडून राहिले. तू मला ढकललंस, हे काकांशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही.”