मुखडा

"मुखडा निघाला, सर! गाणं तुफान चालणार!" तंत्रज्ञ ओरडला.

पॉप संगीतकार श्रीरंग पेडणेकरने डोक्यावरची यंत्राची टोपी उतरवली आणि स्टुडिओचं दार उघडलं. बाहेर बायको सुलक्षणा उभी होती. तिच्या गळ्यात 'पत्नी' असं ओळखपत्र होतं. गेल्या वर्षी तिच्यावरचं गाणं घराघरांत वाजलं, तेव्हापासून ती ते ओळखपत्र काढत नसे. यंत्र ज्याच्या आठवणीतून गाण्याचा मुखडा काढायचं, त्याचा मुखडा श्रीरंगच्या डोक्यातून कायमचा पुसला जायचा.

त्यांची छोटी लेक ईरा धावत येऊन त्याला बिलगली.

"सेल्फी हवाय ना, बाळ?" त्याने सवयीने हसत विचारलं.

ईरा आईकडे बघत राहिली. सुलक्षणाने पर्समधून दुसरं ओळखपत्र काढून तिच्या गळ्यात घातलं. ते तिने कालच करून आणलं होतं.