नवा डिस्ट्रिब्युटर

चार महिन्यांत पाचव्यांदा मी पिंप्राळ्याला निंबानानांच्या दारात उभा होतो. त्यांची ती दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स गाडी सकाळी काही केल्या चालू व्हायची नाही. दुपारी मी गॅरेजमधून येऊन डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं झाकण काढायचो, आत ठिणगी फिरवणारा छोटासा रोटर पुसून परत बसवायचो, की एका किल्लीत चालू. दोष काही सापडेना. मी पार कंटाळलो होतो.

"कोण शे? लोटन का?" हातभर अंतरावरून नानांनी विचारलं. "आज डिस्ट्रिब्युटरच बदलून टाक. उद्या चोपड्याला जायचंय मला."

मुंबईहून मागवलेला नवा डिस्ट्रिब्युटर बसवला, टायमिंग लावलं, गाडी चालू केली. नाना खूश झाले आणि कठडा चाचपत पायऱ्या चढून घरात गेले.

कमलअक्का चहा घेऊन आल्या. दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, "पूर्वी हे परगावी निघाले की चोरीच्या भीतीनं तो रोटर काढून माझ्याजवळ देऊन जायचे. नव्यातला बी तसाच निघतो का, भाऊ?"

"म्हणजे रोज सकाळी रोटर तुम्हीच काढून ठेवायच्या, अक्का?" मी विचारलं.

"तुम्ही यायच्या आधी मी परत बसवून ठेवायची," त्या म्हणाल्या. "यांना आता दिसत नही, अन् माझं ऐकत नहीत. किती दिवस भांडू?"

मी चहा बाजूला ठेवला आणि बोनेट पुन्हा उघडलं.

"या अक्का, इकडून बघा. आधी ह्या दोन क्लिपा सोडवायच्या."