गावपळणीचा चौथा दिवस

पॅरिसला तीन रात्री, ब्रुसेल्सला एक, ॲमस्टरडॅमला दोन, प्रागला दोन. एवढं लिहून झालं होतं, व्हिएन्ना बाकी होतं, आणि तिकडे देवळात मानकरी कौल घ्यायला बसलेसुद्धा होते. आकांक्षाचं पेन नुसतं पळत होतं. मांडीवर घरच्या होमस्टेचं बुकिंग रजिस्टर, समोर नवरा ओमकार, डोक्यावर ताडपत्री.

कारण गावपळण होती. दर तीन वर्षांनी थंडीत देवाने सांगितलं की अख्खं गाव घरांना कुलपं घालून शिवेबाहेर पडतं, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. व्हाळाच्या अलीकडे माळावर झावळ्यांच्या खोपी बांधायच्या आणि तीन रात्री काढायच्या. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की ढोल वाजतो आणि सगळे व्हाळाचं पाणी तुडवत घरी. नाही दिला, तर राहा अजून.

आज चौथा दिवस. सगळा माळ मनात म्हणत होता, देवा, कौल दे. आकांक्षा एकटी म्हणत होती, देवा, वायच थांब.

कारण ओमकारने शब्द दिला होता तो फक्त शिवेबाहेरचा. इथे रेंज नाही, गेस्ट नाहीत, डिसेंबर असून चारही खोल्यांना कुलूप. "हय आसंव तवसर तू सांगशीत ता आयकतंय," तो म्हणाला होता. "घराक गेल्यार विषय काढूचो नाय."

"ॲमस्टरडॅमाक होडीतसून फिरवतत," ती म्हणाली.

"बारा म्हयने मी लोकांका होडीतसून डॉल्फिन दाखवतंय. थंय जावन परत होडीतच बसू?"

"थंय तू नुसतो बसतलंस. चालवतलो दुसरो."

ओमकारने तळहातावरचा घट्टा अंगठ्याने चोळला.

"जूनात जाऊया गो," तो म्हणाला. "पावसात खोल्यो रिकाम्योच आसतत."

"जूनात बर्फ खंयचो?"

"बर्फ आपल्या फ्रीझरात आसा. सुरमईच्या खाली."

"ओमकार, माका थंडीत जावचा आसा. लोक आपल्या दारात येतत तसा." तिने पेन खाली ठेवलं. "सकाळी कोणीतरी दार वाजवन माका इचारूक होया, मॅडम, चाय आणू काय. एकदाच. मगे मी जन्मभर लोकांका इचारीन."

पाच वर्षं ती हे विचारत होती. पहाटे पाचला उठून, पुण्याच्या माणसांना, कोल्हापूरच्या माणसांना, घावणे किती, चटणी तिखट चालेल ना. पैसे एकवेळ जमत होते. डिसेंबर जमत नव्हता.

"साल सांग," ती म्हणाली. "हयसर लिवतंय."

"बघूया."

"बघूया म्हणजे सालाचो आकडो न्हय."

खोपीच्या तोंडाशी पाठमोरी बसून तिची सासू मथुरा कोंबड्यांचे पाय सुंभाने बांधत होती. डिसेंबरात दार बंद ठेवणारी माणसां खुळी, आणि तुळशीकडे दिवो कोण लावतलो, हे तिचं दर वर्षीचं म्हणणं. पण हे तीन दिवस तिने तोंड म्हणून उघडलं नव्हतं. कान मात्र तिचे उघडेच असत.

तेवढ्यात ढोल वाजला.

मग काय विचारता. माळावर एकच धांदल उडाली. दावी सुटली, ताडपत्र्या उतरल्या, कोणाचं वासरू कोणाच्या टोपात पाय घालून गेलं, आणि सगळे व्हाळाकडे धावत सुटले. ओमकारने स्टोव्ह खांद्यावर घेतला.

"चल गो. घराक जावन बघूया."

आकांक्षाने रजिस्टर मिटलं. भांडली नाही. पेनाला टोपण लावलं आणि चटई गुंडाळायला वाकली.

मथुरा उठली नाही.

"आये, ढोल वाजलो," ओमकार म्हणाला.

"आयकलंय."

"पाय धरलो काय?"

"पायाक काय जाला नाय." तिने बांधलेली कोंबडी मांडीवर घेतली. "ओमकार, खाली बस. तीन दिस माका घर दिसला नाय, म्हणान मी गप रवलंय. दिव्याची याद पण येवक नाय, खरा सांगतंय. पण व्हाळ उतारलंय की माका माझा दार दिसतला. मगे मी तुमका सोडूचंय नाय. माका माझो सभाव म्हायत आसा. काय ता हयच ठरवा."

ओमकार तसाच उभा. आकांक्षा अर्ध्या गुंडाळलेल्या चटईवर हात ठेवून.

गुडघाभर पाण्यातून शेजारच्या राधाबाईने हाक मारली, "मथुरे, येतंस मां गो?"

"तुमी जावा फुडे."

ओमकारने खांद्यावरचा स्टोव्ह खाली ठेवला.

माळ रिकामा होत गेला. झावळ्यांच्या मोडक्या खोपी, शेणाचे पो, कोणाची तरी विसरलेली चप्पल. थोड्या वेळाने पलीकडे माडांच्या वर एकेका घराचा धूर चढू लागला. मथुराने कोंबडी उचलली, जागची फिरली आणि त्या धुराकडे पाठ करून बसली.