तवंग

"काय हारवलं?" द्रौपदानं धरणाच्या काठावरून विचारलं.

इंजिनाखाली कोपरापर्यंत हात घालून पालथा पडलेला तुळशीदास फिटर नुसताच चाचपडत राहिला. बोटवाला बहिरू म्हणाला, "हारवलं न्हाई, मावशे. तेल सोडायच्या बोल्टाचे आटे गेलेत. गळत व्हतं रोजच, आज समदंच गेलं. घोडेगावहून आणलंय यांना."

"मंग आता?"

"आता बगायचं."

तेवढ्यावर द्रौपदाचं भागत नसे. एसटीत बसली तर कंडक्टरचं गाव, पोरंबाळं, पगार विचारल्याशिवाय ती उतरत नसे. लुगडं वर खोचून ती पाण्यात शिरली आणि बोटीच्या कडेला उभी राहिली.

खरं तर ती इंजिन बघायला आलीच नव्हती. मागं करंजाच्या सावलीत तिची सून यशोधरा मांडीवर पिशवी घेऊन, पाठ फिरवून बसली होती. बोट सुरू झाली की ती माहेरी, ओतूरला जाणार होती. सकाळी हंड्यावरून दोघींचं वाजलं होतं. हंड्यातल्या पाण्यावर पुन्हा तेलकट रंग तरंगत होते. "हंडा घासायचा कंटाळा. आईनं येवढंबी शिकवलं न्हाई," द्रौपदा म्हणाली होती. हंड्याचं बोलणं रोजचंच होतं. आईचं नाव मात्र आज निघालं, आणि यशोधरेनं पिशवी भरली. मुलगा नवनाथ चाकणला कंपनीत. मध्ये पडायला घरात कुणी नव्हतं.

'थांब' म्हणायला द्रौपदाची जीभ वळत नव्हती. म्हणून ती फिटरलाच प्रश्न विचारत राहिली.

"ह्ये पितळंचं काय?"

"निपल. बोल्टाच्या जागी बसवायचं. त्याला नळी, आन नळीच्या टोकाला कॉक, तोटीसारखा."

"मंग नवा बोल्टच का घालंना? त्यानं काय घोडं मारलंय?"

तुळशीदास उठून बसला. इतका वेळ तो वैतागला होता, पण हा प्रश्न त्याला आवडला. "आक्का, खाली हात घालून बगा."

द्रौपदानं हात घातला. इंजिनाचं पोट आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं जागा होती. हाताला चिकट लागलं.

"हितं डबा बसंल का?"

"न्हाई."

"मंग बोल्ट काढला की तेल कुठं जाणार?"

"बोटीतच की."

"तेच तर. नळी असली की मागं खोलगट जागेत न्यायची आन डब्यात सोडायचं. थेंब सांडत न्हाई."

द्रौपदा आपल्या काळ्या बोटांकडं पाहत राहिली. मग तिनं बहिरूकडं मान वळवली.

"आन आजवर? बोटीत पडल्यालं तेल कुठं जायचं?"

बहिरूनं कान खाजवला. "बोटीत पाणी साचतंच, मावशे. डब्यानं उपसायचं. त्याच्याबरूबर तेलबी."

"उपसून टाकायचं कुठं?"

"धरान केवढंय. येवढ्याशा तेलानं काय—"

"कुठं, बहिरू?"

"हितंच," तो हळू आवाजात म्हणाला. "काठाला."

बायकांची पाणी भरायची जागा तिथून चार पावलांवर होती. द्रौपदानं वाकून पाण्यात बोटं बुडवली. बोटांभोवती मोरपंखी, जांभळा रंग पसरत गेला. हंड्यात दिसायचा तोच.

तुळशीदासनं भोकाला नवे आटे पाडले. गळू नये म्हणून निपलाला दोरा गुंडाळून सफेदा लावला आणि पान्यानं आवळून ते घट्ट बसवलं. नळी चढवली, कॉक बंद केला, वरून नवं तेल ओतलं. बहिरूनं सवयीनं उपसायचा डबा उचलला, द्रौपदाकडं पाहिलं आणि बोटीतलं काळं पाणी एका रिकाम्या कॅनमध्ये भरायला लागला. द्रौपदा पदराला बोटं पुसत होती.

"का हो आक्का, इचारून संपलं?" तुळशीदास म्हणाला.

ती काठावर आली. करंजाखाली जाऊन सुनेसमोर उभी राहिली.

"बोटीच्या तेलाचं तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मंग बोलली का न्हाई?"

यशोधरेनं मान वर केली. "तुमी समद्या जगाला इचारता, आत्या. मला कवा इचारलं?"

पाठीमागं इंजिन धडधडलं. बहिरूनं हाक मारली. यशोधरा उठली, पाण्यातून बोटीपाशी गेली. द्रौपदा तिच्या मागोमाग गेली. सून वर चढेपर्यंत तिनं पिशवी धरली आणि मग तिच्या हातात दिली.

बोट पाण्यात शिरली. बरीच आत गेल्यावर द्रौपदा गुडघाभर पाण्यात येऊन काहीतरी ओरडली. यशोधरेनं कानाला हात लावला. द्रौपदा पुन्हा ओरडली. इंजिनाच्या आवाजात काही कळेना.

बहिरूनं इंजिन बंद केलं. बोट आपोआप थोडी पुढं सरकली. सगळीकडं एकदम शांत झालं.

"मी म्हणलं, तुला न्यायाला मी येऊ का?"

सुनेला आणायला सासू गेल्याचं त्या वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. तुळशीदास नळीकडं बघत बसला. यशोधरेनं मांडीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"वार सांगा," ती म्हणाली, "म्हंजी आई सैपाक करून ठिवील."